एच.२६४, पण कोणाच्या हातचा?

व्हिडिओची टाइमलाइन एकच. क्लिप त्याच, रंगकाम तेच. ती दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट केली. दोन्हीकडे फॉरमॅट एच.२६४, म्हणजे व्हिडिओ लहान करून लिहिण्याचं एक मानक, आणि दोन्हीकडे बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्चायचे याच्या, रकान्यात ८ मेगाबिट. एका फाइलमध्ये अंधाऱ्या खोलीतली भिंत बऱ्यापैकी सलग दिसत होती, दुसरीत तीच भिंत चौकोनी ठिगळं लावल्यासारखी. मी लगेच निकाल देऊन मोकळा झालो: पहिलं सॉफ्टवेअर चांगलं, दुसरं टाकाऊ. दोन-चार जणांना तसं ठासून सांगितलंसुद्धा. आठवड्याभरात तो निकाल मला निमूटपणे मागे घ्यावा लागला. का, ते पुढे येईलच.

‘कोणत्या सॉफ्टवेअरची क्वालिटी चांगली?’ हा प्रश्न दिसायला सरळ आहे, पण त्यात तीन-चार निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते आधी सुटे करावे लागतात.

सुरुवात हिशेबापासून करू. फुल एचडी चित्राच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर सेकंदाला साधारण १४९ कोटी बिट होतात. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी करून टाकतात. हे जवळजवळ सगळेच करतात, आणि त्याने आकडा अर्ध्यावर, सुमारे ७५ कोटींवर येतो. आता ८ मेगाबिट म्हणजे फक्त ८० लाख. थोडक्यात, त्र्याण्णव भागांतला एक भाग ठेवायचा आणि बाकीचे ब्याण्णव अशा बेताने गायब करायचे की बघणाऱ्याला पत्ता लागू नये. ‘कॉम्प्रेशनची क्वालिटी’ म्हणतात ती या बेताची.

हे ब्याण्णव भाग जातात कुठे? बरेचसे मुळात टाकावेच लागत नाहीत, कारण ते पुन्हा पुन्हा तेच असतात. एन्कोडर, म्हणजे चित्र लहान करून फाइल लिहिणारा प्रोग्राम किंवा चिप, फ्रेमचे चौकोन पाडतो. एच.२६४ मध्ये हा चौकोन १६ बाय १६ पिक्सेलांचा, आणि गरज पडली तर ४ बाय ४ पर्यंत बारीक. मग प्रत्येक चौकोनासाठी तो विचारतो, हे चित्र मागच्या किंवा पुढच्या फ्रेममध्ये कुठे होतं का? सापडलं तर नुसतं लिहितो: ‘मागच्या फ्रेममधला अमुक तुकडा, इतका उजवीकडे, इतका खाली.’ हे सरकणं पाव पिक्सेलपर्यंत अचूक लिहिता येतं. तरीही थोडा फरक उरतोच. तो उरलेला फरक गणिताने ढोबळ आणि बारीक अशा पोतांमध्ये वेगळा केला जातो आणि मग आकडे गोल केले जातात, जसं ४७.३ ऐवजी ५० लिहावं तसं. या पायरीला क्वांटायझेशन म्हणतात. चित्राचं खरं नुकसान होतं ते इथे. गोल करणं जितकं जास्त, तितकी फाइल लहान आणि तितकी भिंतीवर ठिगळं.

आता मुद्द्याची गोष्ट. एच.२६४ हे मानक २००३ मध्ये आलं, पण ते एन्कोडरने काम कसं करावं हे सांगतच नाही. ते सांगतं की फाइल कशी लिहिलेली असावी आणि ती उलगडणाऱ्याने, म्हणजे डीकोडरने, तिच्यातून चित्र कसं उभं करावं. चौकोन कुठे बारीक करायचे, जुळणारा तुकडा जवळपासच शोधायचा की दूरवर, कोणत्या फ्रेमवर जास्त बिट खर्चायचे, कुठे गोल करणं सैल ठेवायचं, हे सगळं एन्कोडर लिहिणाऱ्याच्या अकलेवर सोडलेलं आहे.

पूर्वीच्या तारेची आठवण काढा. तारेत शब्दागणिक पैसे पडायचे. एकच बातमी दोघांनी दहा-दहा शब्दांत लिहिली, दोघांचं व्याकरण बरोबर, वाचणाऱ्याला दोन्ही तारा वाचता आल्या. पण एकाच्या तारेत कोण, कधी, कुठल्या गाडीने हे सगळं आलं आणि दुसऱ्याचे चार शब्द नमस्कार-चमत्कारातच गेले. एच.२६४ हे व्याकरण आहे. तार लिहिणारा एन्कोडर. बिटरेट म्हणजे शब्दांची मर्यादा. ‘दोन्ही फाइल एच.२६४ आहेत’ एवढं सांगून दोघांच्या लिहिण्याबद्दल काहीच कळत नाही.

सॉफ्टवेअर कोणतं आणि काम कोण करतंय

एडिटिंगची सॉफ्टवेअर बहुधा एन्कोडर स्वतः लिहीत नाहीत. ती दुसऱ्याचा एन्कोडर आत बसवतात आणि वर स्वतःची बटणं लावतात. एक्स२६४ हा मुक्त एन्कोडर यातला सगळ्यात पसरलेला. व्हिडिओ फाइली बदलून देणाऱ्या हँडब्रेकमध्ये तो आहे, एफएफएमपेग या मुक्त साधनातून तो चालतो, शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही एडिटिंगची सॉफ्टवेअर एफएफएमपेगच्या आधारावर उभी असल्याने त्यांच्यातही तोच येतो, थेट प्रक्षेपणाच्या ओबीएसमध्येही आहे. म्हणजे हँडब्रेक आणि शॉटकट यांची एच.२६४ ची ‘तुलना’ करायला बसलात, तर बऱ्याचदा एकाच माणसाला दोन वेगळे सदरे घालून शेजारी शेजारी उभं केलेलं असतं. त्यात फरक दिसला तर तो सेटिंगचा असतो.

अडोबीच्या प्रीमिअरमध्ये सॉफ्टवेअर एन्कोडिंगसाठी, म्हणजे प्रोसेसरवर चालणाऱ्या एन्कोडिंगसाठी, मेनकॉन्सेप्ट या कंपनीचा एन्कोडर वापरलेला आहे. अ‍ॅपलच्या फायनल कटमध्ये अ‍ॅपलचा स्वतःचा. डाविंची रिझॉल्व्हमध्ये एक्सपोर्टच्या पानावर एन्कोडर निवडायची वेगळी यादीच असते. मशीनमध्ये काय आहे त्याप्रमाणे तिच्यात ग्राफिक्स कार्डाचं नाव येतं. आणि इथेच गंमत होते. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर प्रीमिअरमध्ये ‘हार्डवेअर एन्कोडिंग’ चालू असेल आणि हँडब्रेकमध्येही त्याच कार्डातला एनव्हेंक हा एन्कोडर निवडलेला असेल, तर दोन्हीकडे खरं काम त्याच चिपने केलेलं असतं. उलट, त्याच प्रीमिअरमधून एकदा सॉफ्टवेअरने आणि एकदा हार्डवेअरने काढलेल्या दोन फाइलींमधला फरक दोन परक्या सॉफ्टवेअरमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

तेव्हा पहिलं काम गुप्तहेराचं. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत साधन आहे, त्यात फाइल टाका. एक्स२६४ ने केलेली फाइल असेल तर तो आपलं नाव, आवृत्ती आणि बहुतेक सगळी सेटिंग फाइलमध्येच लिहून ठेवतो. मुद्दाम कोणी पुसली नसतील तर किती संदर्भ फ्रेम वापरल्या, शोध किती खोल केला, सीआरएफ, म्हणजे क्वालिटीचा आकडा, किती ठेवला, सगळं वाचता येतं. सगळेच एन्कोडर इतके मोकळ्या मनाचे नाहीत, पण फ्रेमचे प्रकार, प्रोफाइल, खरा बिटरेट, रंगाची माहिती एवढं तरी दिसतंच. ‘आपण नेमकं कोणाशी कोणाला लढवतोय’ हे या एका खिडकीत कळतं, आणि निम्मे वाद इथेच मिटतात.

चिप आणि प्रोसेसर

हार्डवेअर एन्कोडिंगबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ते कचरा आहे. दुसरं म्हणतं, आता काही फरक राहिलेला नाही. दोन्ही अर्धी खरी आहेत.

इंटेलची क्विक सिंक ही चिपवर एन्कोड करायची सोय २०११ मध्ये आली, एनव्हिडियाचा एनव्हेंक २०१२ मध्ये. ही सुरुवातीची चिप वेगात अफाट होती, पण त्याच बिटरेटला चित्र चांगलंच मऊ आणि ठिगळाळ यायचं. कारण सोपं आहे. जुळणारा तुकडा शोधायला प्रोसेसरवरचं सॉफ्टवेअर हवा तितका वेळ घेऊ शकतं: दहा शक्यता करून बघेल, प्रत्येकीला किती बिट लागतील ते मोजेल, आणि स्वस्त व सुंदर असेल ती ठेवेल. चिपमध्ये मात्र किती शक्यता तपासायच्या हे सिलिकॉनमध्ये कोरलेलं असतं, आणि तिला सेकंदाला शेकडो फ्रेम संपवायच्या असतात. ती पहिलं बरं दिसलेलं उत्तर घेऊन पुढे जाते. २०१८ च्या पिढीत एनव्हिडियाने हे बरंच सुधारलं आणि थेट प्रक्षेपणासाठी एक्स२६४ चे जे वेगवान प्रीसेट, म्हणजे सेटिंगचे तयार संच, वापरले जातात त्यांना गाठलं. थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी चिपकडे वळणं त्यामुळे शहाणपणाचंच आहे. प्रोसेसर मोकळा राहतो.

पण एक्स२६४ ला भरपूर वेळ दिला की चित्र पुन्हा बदलतं. त्याचे प्रीसेट ‘अल्ट्राफास्ट’पासून सुरू होतात, मधे ‘मीडियम’, मग ‘स्लो’, ‘स्लोअर’, ‘व्हेरी स्लो’, आणि सगळ्यात शेवटी ‘प्लासिबो’. हे शेवटचं नाव करणाऱ्यांनी जाणूनबुजून दिलेलं आहे: वेळ खूप जातो, फरक मनाच्या समाधानापुरता. या प्रीसेटनी क्वालिटी थेट वाढते असा समज आहे. ते खरं तर मेहनत वाढवतात. त्याच शब्दमर्यादेत जास्त विचार करून लिहिलेली तार. म्हणून एन्कोडरच्या तुलनेत लागलेला वेळ लिहिला नसेल तर ती तुलना अर्धवट समजावी. एकाने दोन मिनिटं घेतली आणि दुसऱ्याने चाळीस, तर दुसरा जिंकला यात नवल ते काय?

आणखी एक. बिटरेट पुरेसा वाढवला की हे सगळे फरक विरघळून जातात. शंभर शब्दांच्या तारेत कोणीही सगळं सांगू शकतो. ५० मेगाबिटला फुल एचडीच्या दोन फाइली घेऊन ‘मला काही फरक दिसला नाही’ म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो, फक्त त्याने परीक्षा फार सोपी घेतलेली असते. एन्कोडरची लायकी कळते ती टंचाईत.

सारखी पाटी कशी आखायची

ही जागा सगळ्यात निसरडी आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बिटरेटच्या रकान्यात जे लिहिलं ते मिळतंच असं नाही. काही सॉफ्टवेअर ते सरासरी म्हणून धरतात, काही कमाल मर्यादा म्हणून, आणि सोप्या दृश्यांत बिट उरले तर काही जण ते खर्चतच नाहीत. म्हणून मागितलेल्या आकड्यावर विसंबू नका, तयार फाइलमधल्या व्हिडिओचा खरा बिटरेट बघा, आवाजाचा भाग वगळून. दोन फाइलींमध्ये दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर सेटिंग हलवून पुन्हा एक्सपोर्ट करा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

सीआरएफसारखे ‘क्वालिटी’चे आकडे तर एकमेकांशी ताडूच नयेत. एक्स२६४ चा मूळ आकडा २३ आहे, त्याच्याच एच.२६५ (एच.२६४ नंतरचं मानक) वाल्या भावाचा, एक्स२६५ चा, २८. दोघांची मोजपट्टी वेगळी. चिपच्या एन्कोडरमध्ये ‘सीक्यू २३’ लिहिलं म्हणजे एक्स२६४ चा २३ झाला नाही, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये शंभरपैकी किती असा सरकता दांडा असतो त्याचा या कशाशीच संबंध नाही. एक्स२६४ मध्ये साधारण अंदाज असा की आकडा ६ ने कमी केला की फाइल जवळपास दुप्पट होते. म्हणजे १८ आणि २० मधला ‘किरकोळ’ फरकसुद्धा आकारात चांगलाच जाणवतो.

कीफ्रेमचंही तसंच. कीफ्रेम म्हणजे कोणाचाही आधार न घेता पूर्ण लिहिलेली फ्रेम, म्हणून ती महाग. एक्स२६४ मोकळं सोडलं तर दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो, म्हणजे आठ-दहा सेकंद, दृश्य बदललं तर अर्थात आधीच टाकतो. एखादं एडिटिंग सॉफ्टवेअर दर सेकंदाला किंवा दर दोन सेकंदांना टाकत असेल, तर त्याच बिटरेटमध्ये त्याच्यावर जास्तीचं ओझं आहे. त्याला कमी गुण देण्याआधी अंतर सारखं करा.

आता रंग. व्हिडिओत उजेडाची पातळी दोन रीतींनी लिहितात. एका रीतीत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. दुसरीत काळा शून्य आणि पांढरा २५५. फाइल एका रीतीने लिहिली आणि प्लेअरने दुसरी समजली की चित्र एक तर फिकट, दुधाळ दिसतं किंवा भडक आणि काळंकुट्ट. तसंच जुन्या एसडीचं रंगांचं सूत्र आणि एचडीचं सूत्र यांची अदलाबदल झाली की लाल आणि हिरवे रंग हलकेच सरकतात, चेहरे वेगळे दिसतात. यातल्या कशाचाही कॉम्प्रेशनशी काडीचा संबंध नाही. पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांतलं जास्त कॉन्ट्रास्टचं चित्र माणसाला ‘शार्प’ वाटतं, आणि तो म्हणतो याची क्वालिटी चांगली. माणसाच्या डोळ्याची ही खोड टीव्ही विकणाऱ्यांना आपल्याआधीपासून माहीत आहे.

आकार बदलण्याचंही भान ठेवा. ४के टाइमलाइनवरून फुल एचडी काढताना एक सॉफ्टवेअर धारदार पद्धतीने लहान करतं, दुसरं मऊ पद्धतीने. मऊ चित्र कॉम्प्रेस करायला सोपं जातं, त्यामुळे त्याच्यात ठिगळं कमी दिसतील आणि श्रेय मिळेल एन्कोडरला. फ्रेमरेट बदलणं, इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींत लिहिलेलं, चित्र सरळ करणं, नॉइज घालवणारा एखादा फिल्टर न सांगता चालू असणं, हे सगळं याच गोणीतलं.

या सगळ्यातून सुटायचा मार्ग एकच आहे. एडिटिंग सॉफ्टवेअरमधून थेट दोन एन्कोडरची तुलना करू नका. आधी एक ‘मास्टर’ फाइल काढा, तोच आकार, तोच फ्रेमरेट, तेच रंग. ती बिनतोटा कोडेकमध्ये (काहीही न गमावता चित्र लिहिणाऱ्या पद्धतीत) असावी, म्हणजे एफएफव्ही१ सारख्या, नाहीतर निदान प्रोरेस ४२२ एचक्यू सारख्या जवळजवळ निर्दोष कोडेकमध्ये. फुल एचडीला सेकंदाला ३० च्या आसपास फ्रेम असतील तर या प्रोरेसचा बिटरेट २२० मेगाबिटच्या घरात असतो, म्हणजे आपल्या ८ च्या सत्तावीसपट. मग हीच फाइल प्रत्येक एन्कोडरला द्या. आता सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका मिळाली.

आणि प्रश्नपत्रिका जरा लांबट हवी. दहा सेकंदांच्या क्लिपवर तुलना करायची फार सवय आहे, पण बिट कुठे वाचवायचे आणि कुठे उधळायचे हे ठरवण्यात एन्कोडरचं अर्धं कसब असतं. दहा सेकंदांत ते दिसतच नाही. संथ संवाद, मग धावपळ, मग अंधार, मग हळूहळू उजळणारं चित्र, असा मिनिट-दोन मिनिटांचा तुकडा घ्या. कसोटीसाठी तयार क्लिपही मिळतात. स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाहिनीने, एसव्हीटीने, अशा काही क्लिप चित्रित करून मोकळ्या केल्या आहेत: मॅरेथॉनसारखी गर्दीची धाव, पाण्यावरून उडणारी बदकं, झाडांआडून पळणारी माणसं. पानं, पाणी आणि गर्दी ही एन्कोडरची तीन दुखणी आहेत, कारण तिथे मागच्या फ्रेममधलं काहीच जसंच्या तसं पुढे येत नाही.

आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा

मूळ फाइल आणि कॉम्प्रेस केलेली फाइल यांची फ्रेमगणिक तुलना करून गुण देणारी सूत्रं आहेत. सगळ्यात जुनं आणि साधं पीएसएनआर. प्रत्येक पिक्सेल किती चुकला याचा वर्ग, त्याची सरासरी, आणि ती डेसिबलमध्ये. त्याला चेहरा आणि भिंत यांत काही फरक कळत नाही. २००४ मध्ये झोऊ वांग, अ‍ॅलन बोविक, हमीद शेख आणि एरो सिमोनसेली यांनी एसएसआयएम मांडलं. ते उजेड, कॉन्ट्रास्ट आणि रचना किती टिकली हे बघतं. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने व्हीमॅफ मोकळं केलं. त्यात बरीच मापं एकत्र करून, माणसांनी प्रत्यक्ष दिलेल्या गुणांवर यंत्राला शिकवलेलं आहे. गुण शून्य ते शंभर. आज तुलना करणारे बहुतेक जण हेच वापरतात, आणि ते वापरावं हे माझंही मत आहे, पण डोळे उघडे ठेवून.

कारण ही सूत्रं फसतात, आणि कधीकधी मजेशीर रीतीने. एक्स२६४ मध्ये डोळ्याला बरं वाटावं म्हणून केलेल्या काही युक्त्या आहेत. सपाट, अंधाऱ्या भागांना जास्त बिट द्यायचे, कारण तिथली ठिगळं चटकन खुपतात. पोत असलेल्या भागात, समजा गवतात, अचूक नसलं तरी चालेल पण गवतासारखं काहीतरी ठेवायचं, कारण सपाट हिरवा डाग डोळ्याला जास्त खोटा वाटतो. पीएसएनआरच्या दृष्टीने हे चुकीचं गवत म्हणजे सपाट डागापेक्षाही मोठी चूक! म्हणून या युक्त्या चालू ठेवल्या की पीएसएनआर घटतो. एक्स२६४ लिहिणाऱ्यांना हे इतकं ठाऊक होतं की त्यांनी ‘ट्यून पीएसएनआर’ आणि ‘ट्यून एसएसआयएम’ अशी वेगळी सेटिंगच ठेवली, फक्त मोजमापाच्या वेळी वापरायला. कोणाच्या तरी आलेखात एक्स२६४ पीएसएनआरमध्ये मागे पडलेला दिसला तर आधी विचारा, हे सेटिंग लावलं होतं का?

व्हीमॅफलाही लबाडी करता येते. चित्राचा कॉन्ट्रास्ट किंवा धार किंचित वाढवून मग कॉम्प्रेस केलं तर गुण फुगतात, कधी मूळ चित्रापेक्षा ‘सुधारल्या’सारखे. हे लक्षात आल्यावर नेटफ्लिक्सने अशा सजावटीचे गुण न मोजणारी वेगळी आवृत्ती काढली, तिला एनईजी म्हणतात. त्याशिवाय व्हीमॅफचं नेहमीचं मॉडेल फुल एचडी टीव्हीसमोर, पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसलेल्या माणसासाठी आहे. नाक पडद्याला लावून बघणाऱ्याचा अनुभव त्यात नाही.

सरासरीपासूनही जपा. दोन मिनिटांच्या क्लिपला सरासरी ९४ गुण मिळाले आणि मधले तीन सेकंद ६० वर कोसळले, तर बघणाऱ्याच्या लक्षात तेच तीन सेकंद राहतात. म्हणून फ्रेमगणिक आलेख काढा आणि त्याचे खड्डे बघा. एका बिटरेटवरच्या एका आकड्याने काही ठरवू नका. ३, ५, ८, १२ मेगाबिट अशा चार पायऱ्यांवर प्रत्येक एन्कोडर चालवा आणि गुणांच्या रेषा शेजारी ठेवा. कधी कधी त्या एकमेकींना छेदतात: कमी बिटरेटला एक पुढे, जास्तीला दुसरा. या दोन रेषांमधलं अंतर ‘तेवढ्याच क्वालिटीला किती टक्के बिट वाचले’ अशा एका आकड्यात सांगायची पद्धत गिस्ले ब्योंटेगार्ड यांनी २००१ मध्ये दिली. तिला बीडी-रेट म्हणतात. एन्कोडरवाल्यांच्या लेखात ‘इतके टक्के बचत’ असं वाचलंत की मागे बहुधा हाच हिशेब असतो.

शेवटी डोळेच

व्हिडिओ थांबवून, चारशे टक्के मोठा करून, दोन फ्रेम शेजारी लावायच्या: ही पद्धत दिसायला शास्त्रशुद्ध आणि बरीचशी दिशाभूल करणारी. एन्कोडर सगळ्या फ्रेमना सारखं वागवत नाही. ज्या फ्रेमचा आधार पुढे कोणीच घेणार नाही तिच्यावर तो मुद्दाम कमी बिट खर्चतो, कारण ती सेकंदाचा तिसावा भाग पडद्यावर असते आणि जाते. तुम्ही थांबवलेली फ्रेम एका फाइलमध्ये कीफ्रेम आणि दुसरीत अशी कामचलाऊ फ्रेम असेल, तर निकाल आधीच लागलेला आहे. थांबवायचंच असेल तर एकामागोमाग पंधरा-वीस फ्रेम पुढे सरकवत बघा.

उलट काही दोष फक्त चालत्या चित्रातच दिसतात. दर दोन सेकंदांनी भिंतीचा पोत टुणकन बदलतो: कीफ्रेम आली. संथ चित्रात गवत जागच्या जागी पोहल्यासारखं वाटतं. अक्षरांच्या कडेला डासांचा थवा घोंगावावा तशी वळवळ दिसते. संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे पडतात. या शेवटच्या दोषावर १० बिटमध्ये (नेहमीच्या ८ ऐवजी, म्हणजे छटांच्या जास्त पायऱ्यांत) एन्कोड करणं हा चांगला उपाय आहे, बघणाऱ्याचं उपकरण तशी फाइल चालवू शकत असेल तर.

आणि चाचणी आंधळी हवी. दुसऱ्या कोणाला तरी फाइलींची नावं बदलून ‘क’ आणि ‘ख’ करायला सांगा. मग मूळ फाइल बघा, क बघा, ख बघा, आणि लिहून ठेवा. दहा वेळा. नाव माहीत असताना आवडत्या सॉफ्टवेअरची फाइल हटकून बरी दिसते.

माझ्या अंधाऱ्या भिंतीचं पुढे असं झालं. मीडियाइन्फोत दोन्ही फाइली टाकल्या तेव्हा दिसलं की ‘चांगल्या’ फाइलचा खरा बिटरेट दुसरीच्या जवळजवळ सव्वापट होता. शिवाय तिच्यातली उजेडाची पातळी प्लेअर चुकीची समजत होता. काळा आणखी काळा झाला होता आणि अंधारातली ठिगळं त्या काळोखात बुडून गेली होती. मी ज्याला सफाई म्हणत होतो ती निव्वळ झाकपाक होती. पातळी सुधारली, आकार सारखा केला, नावं झाकली. दहापैकी सहा वेळा मी बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. फक्त पावसाच्या एका शॉटमध्ये फरक प्रत्येक वेळी दिसला, आणि तिथे माझी ‘टाकाऊ’ फाइल सरस होती. ती प्रोसेसरवर, सावकाश प्रीसेटने काढलेली होती. दुसरी चिपने काढलेली.

तो व्हिडिओ शेवटी यूट्यूबवर जाणार होता, जिथे चढवलेली प्रत्येक फाइल पुन्हा कॉम्प्रेस होते. यूट्यूब स्वतः फुल एचडीला सेकंदाला ३० पर्यंत फ्रेम असतील तर ८ मेगाबिट, ६० च्या घरात असतील तर १२ मेगाबिट सुचवतं. मी ८ सोडून थेट ४० ने, चिपवरच, दोन मिनिटांत एक्सपोर्ट केलं आणि चढवून टाकलं. पावसाचा तो शॉट तिथे आता दोन्ही फाइलींपेक्षा वाईट दिसतो.